पायाळूचा परवाना

जर्मनीत दुसऱ्याची मान कडाडकन वळवायची असेल तर काय लागतं, ते आधी सांगून टाकते. वय पंचवीस पूर्ण. सगळ्यात खालच्या दर्जाची का होईना, शाळा पूर्ण केल्याचा दाखला. पोलिसांचा दाखला, की आपण आजवर कुणाचा गळा दाबलेला नाही. डॉक्टरांचा दाखला, की आपलं डोकं ठिकाणावर आहे. आणि शेवटी आरोग्य खात्याची एक परीक्षा. ती पार पडली की तुम्ही झालात हाइलप्राक्टिकर, म्हणजे डॉक्टर नसूनही उपचार करायला मोकळे. मग दारावर ‘कायरोप्रॅक्टर’ अशी पाटी लावा आणि बसा लोकांचे मणके वाजवत.

गंमत अशी की या परीक्षेत मान कशी वळवायची हे कुणी विचारतच नाही. मुळात ती परीक्षा नाहीच म्हणे, ‘पडताळणी’ आहे. कसली, तर तुमच्यामुळे जनतेच्या आरोग्याला धोका आहे की नाही याची. पास झालात तरी कुणी शाबास म्हणत नाही. धोका आढळला नाही, एवढंच सांगतात. या देशात याहून मोठं कौतुक नसतं, हे मला पुढे कळलं.

मी पुण्यात साडेचार वर्षं फिजिओथेरपी शिकले, त्यावर दोन वर्षं मास्टर्स केलं, तेही हाडं, सांधे आणि स्नायू याच विषयात. मग सात वर्षं हॉस्पिटलात काम केलं. आखडलेल्या माना, दबलेल्या नसा, बस आपटून आपटून कंबर गेलेले ड्रायव्हर, सगळे माझ्या हाताखालून गेले. मग नवऱ्याला स्टुटगार्टला गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहायची नोकरी लागली आणि मी माझे दोन हात घेऊन त्याच्यामागे आले. त्याचं सॉफ्टवेअर इथे पहिल्या दिवसापासून चालायला लागलं. माझे हात चालेनात.

पदवीला मान्यता मिळवायला मी वीतभर जाडीचा गठ्ठा पाठवला. कुठल्या विषयाचे किती तास, तेही सगळं भाषांतर करून, शिक्के मारून. आठ महिन्यांनी उत्तर आलं की तुमच्या अभ्यासक्रमात मसाजचे तास कमी पडतात. मसाजचे! शिवाय सगळं भरून काढलं तरी इथल्या फिजिओला डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय रुग्णाला हात लावता येत नाही. म्हणजे चिठ्ठी घेऊन खांदा चोळायचा तर तीन वर्षांचं शिक्षण हवं, आणि चिठ्ठीशिवाय मान वळवायची तर शाळेचा दाखला पुरे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते यालाच. मी म्हटलं, ठीक आहे, मग मी चोरच होते.

तोवर घरी बसून वेड लागायची पाळी आली होती, म्हणून एका कायरोप्रॅक्टरच्या दवाखान्यात रिसेप्शनवर नोकरी धरली. एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, चार स्टेशनं. फोन उचलायचे, लोकांना वेळा द्यायच्या, टॉवेल बदलायचे. मालक साठीचे, उंच, हसतमुख. पूर्वी ते लोकांच्या घरी स्वयंपाकघरं बसवायचे. ओटे, कपाटं, सिंक. एक दिवस कपाट उचलताना त्यांचीच कंबर धरली, कुणीतरी ती मोकळी करून दिली, आणि हे इतके भारावले की पाना-हातोडी सोडून याच धंद्यात शिरले. शनिवार-रविवारचे वर्ग केले, पडताळणी पास झाले, त्याला आता वीस वर्षं झाली. आणि मी, साडेसहा वर्षं शिकलेली बाई, त्यांना टॉवेल देत होते. हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

पण माणूस सरळ होता, हे कबूल करायला हवं. एकदा त्यांनी मला एका बाईच्या चालण्याकडे बघताना पाहिलं आणि विचारलं, “काय दिसतंय?” मी सांगितलं. ते म्हणाले, “आल्झो, म्हणजे बघ, तुला माझ्यापेक्षा जास्त येतं. पडताळणी देऊन टाक. मागची खोली जानेवारीत रिकामी होते. परवाना मिळाला तर ती तुझी. नाही मिळाला तर मला दुसरा कुणी बघावा लागेल.” आणि दुसरा कोण, तेही मला ठाऊक होतं. इंग्लंडला जाऊन कायरोप्रॅक्टिकची खरी पदवी घेऊन आलेला एक इथलाच तरुण. कारण इथे तसं सरकारी विद्यापीठात काही शिकायलाच मिळत नाही. त्यानेसुद्धा आल्यावर हीच पडताळणी दिली होती, कुत्र्यांचे केस कापणाऱ्या एका बाईच्या शेजारी बसून. दोघंही पास झाले. तो दर आठवड्याला फोन करून खोलीची चौकशी करायचा आणि तो फोन मीच उचलायचे.

जाता जाता मालक आणखी एक वाक्य बोलले होते. “तिथे तुला काय येतं हे विचारत नाहीत. तू कुठे थांबशील ते विचारतात.” मी मनात म्हटलं, स्वयंपाकघरं बसवणाऱ्याने मला शिकवावं, एवढंच राहिलं होतं.

मग कागदपत्रं सुरू झाली. शाळेच्या दाखल्याच्या जागी मी ऐटीत मास्टर्सची पदवी जोडली. पत्र आलं, की यावरून तुम्ही शाळा पूर्ण केल्याचं सिद्ध होत नाही. मी कपाळावर हात मारला. पुण्यात भावाला माळ्यावर चढवलं, त्याने जुन्या ट्रंकेतून माझी दहावीची मार्कलिस्ट शोधून पाठवली. मग या देशाच्या सरकारला पटलं, की बाई शाळेत गेली होती. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी माझ्याकडे वर न बघता सही करून दिला. बघितलं असतं तर कदाचित दिला नसता.

वर्षभर दर शनिवारी मी तयारीच्या वर्गाला जात होते. वर्गात योगा शिकवणारी एक, बँकेतून बाहेर पडलेला एक, नवऱ्याला सोडून आता लोकांना बरं करायचं ठरवलेल्या दोघी. आम्ही सगळे मिळून घोकायचो, की गोवर दिसला तर कुणाला कळवायचं, पटकी दिसली तर किती वेळात कळवायचं. दातांना हात लावायचा नाही, बाळंतपण करायचं नाही. पाठदुखीतल्या धोक्याच्या खुणांची यादी मी फ्रीजवर चिकटवली होती. पडून लागलंय का, ताप आहे का, पाय बधिर आहेत का, लघवीवर ताबा आहे का, हाड ठिसूळ झालंय का. ही यादी मला अकरा वर्षांपासून पाठ होती. तरी फ्रीज उघडताना मी ती मोठ्याने म्हणायचे आणि नवरा दुधाची पिशवी हातात धरून मुकाट्याने ऐकायचा.

ऑक्टोबरात लेखी झाली. साठ प्रश्न, त्यातले पंचेचाळीस बरोबर यायला हवेत. माझे अठ्ठावन्न आले. तोंडीची तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली मिळाली. अठ्ठावन्न हा आकडा मी घरात, दवाखान्यात, महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत, जिथे जागा मिळेल तिथे सांगून झाला. माझं नाक किती वर गेलं होतं ते मला तेव्हा दिसत नव्हतं.

नोव्हेंबरात सासूबाई आल्या. तीन महिन्यांचा व्हिसा, दोन बॅगा, त्यातली एक नुसती खाण्याची. इथे सांगायला हवं की आमच्या सासूबाई पायाळू आहेत. जन्मताना डोक्याकडून न येता पायाकडून आल्या. आणि पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आमच्या पुण्याच्या सोसायटीत सकाळी सात वाजता वॉचमनपासून चेअरमनपर्यंत कुणीही कंबर धरून दारात उभं असायचं. सासूबाई चहाच्या आधी, एक अक्षर न बोलता, उजव्या पायाचा अंगठा तीनदा लावायच्या. बदल्यात काही घ्यायच्या नाहीत, साधं थँक्यूही म्हणू द्यायच्या नाहीत. आणि मी तिथेच उभी असायचे बरं का! भिंतीवर माझ्या दोन डिग्र्या टांगलेल्या, आणि लोक त्यांच्याखालून जाऊन सासूबाईंच्या पायाशी वळायचे. याचा राग मी कधी बोलून दाखवला नव्हता. साठवून मात्र ठेवला होता.

आमच्या इमारतीत केरवोखे असते. म्हणजे दर आठवड्याला एकेका घराची जिना झाडायची पाळी. पाळीची पाटी दाराला अडकवतात, आणि पाळी चुकवणाऱ्याकडे असं बघतात की त्यापेक्षा शिव्या परवडल्या. खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी होत्या, पंचाहत्तरीच्या. एका सकाळी त्यांची पाळी होती. पायरी पुसायला वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. आणि त्याच वेळी आमच्या सासूबाई फेरफटका मारून जिन्याने वर येत होत्या.

पुढचं मला त्या आजींनीच सांगितलं. सासूबाईंनी म्हणे दोन मिनिटं नुसतं पाहिलं. मग बोटाच्या पेराने त्यांच्या पाठीवर वरून खाली टकटक केलं. मग कठड्याला धरून पायमोजा काढला, अंगठा तीनदा कमरेला लावला, पायमोजा चढवला आणि वर निघून गेल्या. आजी पाच मिनिटांत सरळ झाल्या. उसण काही वेळा अशी आपली आपण सुटते, हे मला माहीत आहे. पण हे आजींना कोण सांगणार? त्या प्लमचा केक घेऊन दारात हजर. सासूबाईंनी दोन्ही हात मागे घेतले. घेतला तर गुण जातो म्हणे. आजी केक घेऊन उभ्या, सासूबाई नाही नाही म्हणत उभ्या. शेवटी तो केक मी घेतला, कारण माझ्यात कसलाच गुण नव्हता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण आजींनी ही बातमी त्यांच्या ज्येष्ठांच्या व्यायामवर्गात सांगितली. दोन दिवसांत त्या वर्गातल्या तिघी बेल वाजवून विचारायला लागल्या, “पायवाल्या बाई घरी आहेत का?” या देशात परवान्याशिवाय उपचार करणं हा गुन्हा आहे. माझी तोंडी तीन आठवड्यांवर, आणि माझ्याच घरात विनापरवाना दवाखाना सुरू! दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ तर चुकीच्या डब्यात बाटली टाकली तरी पत्र लिहितात. हेही लिहिणार आणि थेट आरोग्य खात्याला लिहिणार, याची मला खात्री होती.

मी सासूबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. त्या शेंगदाणे कुटत होत्या.

“आई, तुमच्याकडे परवाना आहे का?”

“कसला गं?”

“पाय लावायचा. इथे असं कुणालाही पाय लावता येत नाही. पोलीस येतात.”

“अगं, तिला उभं राहता येईना बिचारीला.”

“मग ॲम्ब्युलन्सला फोन करायचा! मी इथे वर्षभर शनिवार घालवलेत, आई. इतकं शिकून मी टॉवेल बदलते. आणि तुमच्या त्या गावठी लाथेपायी माझं सगळं पाण्यात जाईल.”

बत्ता थांबला. त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “लाथ नाही म्हणत त्याला.” मग पुन्हा कुटायला लागल्या. संध्याकाळी नवरा म्हणाला, “जरा हळू बोलायचं होतंस, आई आहे ती.” मी त्यालाही दोन ऐकवल्या. त्या दिवसापासून सासूबाई घरातही पायमोजे घालून वावरायला लागल्या. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. लाज वाटत होती, पण कबूल करायला वेळ नव्हता. तोंडीचा अभ्यास होता ना!

तोंडीला आठ दिवस राहिले होते. सकाळी बेल वाजली. खालच्या आजी. चेहरा पांढराफटक, एक हात भिंतीला. काल पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट उचलला, तेव्हापासून पाठीत मधोमध कळ. दमून खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, हल्ली उंचीसुद्धा कमी झालीय, पडद्याच्या दांडीला हात पोचत नाही. मी हो हो केलं. म्हातारी माणसं बोलतातच. त्यांना पायवाल्या बाई हव्या होत्या.

सासूबाई आतून आल्या. माझ्याकडे पाहिलं, जणू परवानगी मागितली. मग आजींच्या मागे उभ्या राहून पेराने कण्यावर टकटक करत खाली आल्या. एका जागी पेर टेकलं मात्र, आजी किंचाळल्या. सासूबाईंनी झटकन हात मागे घेतला.

“हिला उसण नाही. हिला दवाखान्यात ने.”

“काय झालंय मग?”

“ते दवाखान्यात सांगतील. मी पाय लावणार नाही.”

आता माझं डोकं कसं चाललं ते ऐका. मला वाटलं, या माझ्यावरचा राग काढतायत. त्या दिवशी लाथ म्हटलं, त्याचं हे उट्टं. आणि आजी माझ्याकडे आशेने बघत होत्या. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे असं बघत होतं. मी म्हटलं, “मी बघते.” किंचाळल्या कशाने? स्नायू आखडलेत, दुसरं काय! मधल्या मणक्यात अडकलंय, एक दाब दिला की सुटेल. मी आजींना योगाच्या चटईवर पालथं झोपवलं. परवाना? तो आठ दिवसांनी मिळणारच होता. दोन्ही तळवे पाठीवर ठेवले, कोपर सरळ केले आणि त्यांना म्हटलं, श्वास सोडा.

सासूबाईंनी माझी दोन्ही मनगटं धरली. नऊ वर्षांच्या संसारात त्यांनी माझा हात असा कधी धरला नव्हता. दुखलं मला.

“ती ओरडली ते ऐकलं नाहीस का? उसण बाजूला असते, मधोमध नसते. टिचकी मारल्यावर हाड ओरडलं तर ते हाडाचं दुखणं असतं. त्याला ना पाय लावायचा, ना हात.”

“आई, मी यात मास्टर्स केलंय.”

“असेल. हात काढ.”

मी फ्रीजकडे पाहिलं. का पाहिलं कोण जाणे. यादी तिथेच होती. वय, उंची कमी होणं, ओझं उचलल्यावर अचानक कळ, कण्यावर ठोकल्यावर दुखणं. हाड ठिसूळ झालंय का? माझ्याच अक्षरात लिहिलेलं. आजी सगळं तोंडाने सांगून गेल्या होत्या आणि मी हो हो करत होते. मी हात काढले.

मग मी त्यांना हळूच कुशीवर वळवलं, त्यांना आणखी त्रास होऊ न देता ॲम्ब्युलन्स बोलावली आणि सोबत गेले. फोटोत दिसलं की मणका दबून मोडलेला. हाडं ठिसूळ होती, क्रेट निमित्त झाला. तिथले तरुण डॉक्टर पट्टा बांधता बांधता म्हणाले, “नशीब, कुणी यावर दाबलं नाही.” आजींनी माझा हात हातात घेतला आणि त्यांना सांगितलं, की हिच्यामुळे मी वेळेत आले. मी तिथे उभी राहून जमिनीकडे बघत होते. जन्मात इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

त्या आठ दिवसांत मी काही वाचलं नाही. घरी सासूबाईंनी या विषयावर एक शब्द काढला नाही. त्यांनी बोलून दाखवलं असतं तर सोपं गेलं असतं. एकदाच मी विचारलं, हे टकटक कुणी शिकवलं. म्हणाल्या, “ज्या सुईणीने मला पायांना धरून बाहेर काढलं, तिनेच. ती म्हणायची, पाय कुठे लावायचा ते येड्यालाही कळतं. कुठे नाही लावायचा ते आधी शीक.” मला मालक आठवले. स्वयंपाकघरं बसवणारा माणूस आणि सुईण, दोघं मला एकच गोष्ट सांगत होते, आणि मी अठ्ठावन्न गुण गळ्यात घालून फिरत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

तोंडीची खोली साधी होती. टेबलापलीकडे आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाई, करड्या केसांच्या, आणि त्यांच्या शेजारी परीक्षक म्हणून बसलेली एक जुनी हाइलप्राक्टिकर बाई. पाऊण तास छान गेला. छातीत दुखणं, कावीळ, गोवर, कुणाला कळवायचं, किती वेळात. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पाठदुखीत हात कधी लावणार नाही?” मी फ्रीजवरची यादी घडाघडा म्हटली.

त्या म्हणाल्या, “गेनाऊ, अगदी बरोबर. हे पुस्तकात आहे. तुमच्या स्वतःच्या कामातलं एखादं सांगा.”

पुण्यातलं एखादं सहज सांगता आलं असतं. हॉस्पिटलातले दहा प्रसंग जिभेवर होते आणि सगळ्यांत मीच शहाणी होते. मागच्या खोलीला खिडकी होती, तिच्यातून चेस्टनटचं झाड दिसायचं. पडदा कुठला लावायचा तेही माझं ठरलं होतं. आणि खरं सांगायचं तर, परवाना नसताना मी एका म्हातारीच्या मोडक्या मणक्यावर हात ठेवला होता. हे या खोलीत बोलणं म्हणजे आपणहून फासात मान देणं. पण धोका आहे की नाही हे तपासायला बसलेल्या बाईंशी मी खोटं बोलले असते, तर धोका आहे हे मला तरी कळलंच असतं.

मी सगळं सांगितलं. क्रेट, पडद्याची दांडी, किंचाळी, चटई. “मी हात ठेवला होता,” मी म्हटलं. “मी तो काढला नाही. माझ्या सासूबाईंनी काढला.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

“तुमच्या सासूबाईंचं शिक्षण काय?”

आता आली का पंचाईत! सातवी म्हणू? मी म्हटलं, “त्या पायांकडून जन्मल्या.”

शेजारच्या बाईंना खोकला आला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, मी पाहिलं. मग मला बाहेर थांबायला सांगितलं.

बाहेर एक खुर्ची, एक कुंडी आणि हात धुवायच्या पद्धतीचा एक तक्ता होता. तो तक्ता मी अठरा वेळा वाचला. खोली गेली, हे मी मनाशी मान्य करून टाकलं होतं. खोलीचा फोन पुढच्या आठवड्यात मलाच उचलायचा होता, तेव्हा त्या तरुणाचं अभिनंदन कोणत्या शब्दांत करायचं तेही ठरवत होते. दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई उभ्यानेच म्हणाल्या, “जा. आम्हाला तुमच्यापासून धोका आढळला नाही.” मग क्षणभर थांबून म्हणाल्या, “इथे येऊन सगळे जण काय येतं तेच सांगतात.” हात मिळवला आणि आत गेल्या. मी जिन्यातच बसून रडले.

घरी आले तेव्हा सासूबाई सोफ्यावर भाजी निवडत होत्या. अजून पायमोजे घातलेलेच, लोकरीचे, नवऱ्याचे जुने.

“काय विचारलं गं?”

“तुमच्याबद्दल विचारलं.”

“माझ्याबद्दल? अगं बाई! मग गेला का तुझा परवाना?”

“मिळाला, आई.”

मी खाली वाकले आणि त्यांच्या पायांवर, पायमोज्यांसकट, डोकं टेकलं. लग्नानंतर सणासुदीला शेकडो वेळा केलेला नमस्कार, पण तो असा कधी केला नव्हता. बराच वेळ मी उठले नाही. त्यांनी भाजीचा हात माझ्या डोक्यावरून फिरवला आणि म्हणाल्या,

“ऊठ आता. अशी वाकून राहिलीस तर उसण भरेल. आणि मी काही पाय लावायची नाही बाई, माझ्याकडे परवाना नाही.”